मुकादमभाऊंची नवी तऱ्हा

माझे दोन्ही हात शाबूत आहेत आणि या परक्या मुलखात माझी चूल पेटते, ती मुकादमभाऊंमुळे. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कोणी त्यांना वेडं म्हणेल. दुसऱ्याच्या कामात इतकं मनापासून नाक खुपसणारा माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही.

चांद्याजवळ जंगलाच्या कडेला आमची लाकूड कापायची गिरणी. मी चौथीतून शाळा सुटलेला, साताऱ्याकडचा, सगळ्यांत नवा हमाल. माझ्या आधीच्याची बोटं आऱ्याच्या फिरत्या करवतीने नेली, म्हणून तर जागा रिकामी झाली. ज्या वाटेने ओंडके आत जात त्याच वाटेने फळ्या बाहेर येत, आणि माणसं आऱ्यासमोर एकमेकांवर आदळत. ती आदळू नयेत म्हणून मधोमध उभं राहून दिवसभर ओरडायचं, ही भाऊंची नोकरी. "सर रे! मरतं का बे?"

मग शेठजींनी नागपुराहून नवी तऱ्हा आणली: लाकूड एका दाराने आत, दुसऱ्याने बाहेर, मागे फिरणं नाही. महिनाभर करून पाहा, जमलं तर ठेवू, म्हणून ती भाऊंवर सोपवली. भाऊ झपाटले. घरीसुद्धा माठ, पाटा, चूल एका ओळीत मांडायला निघाले; बाई, म्हणजे भाऊंच्या पत्नी, म्हणाल्या, "चुलीले हात लावान तर गिरणीतच जेवा." शेजारच्या मयतीत तर सरणाची लाकडं यायची म्हणून तिरडी खोळंबली, तेव्हा म्हणाले, "लाकडं आधी पोचवाले पायजे होते. बिचारा काऊन ताटकळून राह्यला?" खांदेकरी रडता रडता हसले.

महिना सरला. शेठजी खूश. "भाऊ, तऱ्हा पक्की. पण आता एक माणूस जास्तीचा झाला. हा साताऱ्याचा काढा."

मी खांद्यावरची फळी खाली ठेवली. गावी कोणत्या तोंडाने परतणार होतो?

"त्याले काऊन?" भाऊ म्हणाले. "तो ओझं वाह्यते. मी कवाचा ओरडलोच नाई, शेठ. कोणी आदळतच नाई. जास्तीचा मी आहो."

"भाऊ, विचार करा."

"केला. तऱ्हा चांगली हाय. तिले मोडू नका."

दुसऱ्या दिवशी ते बाईंना घेऊन गडचिरोलीपलीकडच्या आपल्या गावी, धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे भातखाचरांकडे, निघाले. मी पाया पडलो तर, "वाटंत काऊन वाकतं? मागचे खोळंबतात," एवढंच म्हणाले.

आमच्याकडे ज्वारी, धानाची रोवणी मला येत नाही. पण शिकेन. एका रोवणीला रजा काढून त्यांच्या बांधीत चिखलात उतरेन आणि शेवटचं रोप लागेपर्यंत बाहेर येणार नाही. आज तरी माझ्याजवळ द्यायला हे हातच आहेत, आणि तेही त्यांनीच राखलेले.