भुवईवालीची खुर्ची

भुवईवालीला कुणी म्हातारी म्हटलेलं खपायचं नाही, पण दुसऱ्या बायकांना ती खुशाल तोंडावर म्हातारी म्हणायची. सत्तरीला टेकली होती. केस रंगवून काळेभोर, ओठ लालभडक, आणि जीभ अशी की बोलायला लागली की समोरच्याचे कान कापून हातात द्यावेत. पार्लर तिचंच होतं आणि आरशासमोरची मधली खुर्चीही तिचीच. तिथे बसणाऱ्या बाईची ती आधी लाज काढायची आणि मग भुवया करायची. "काय गं, कपाळावर रान माजवलंयस? नवऱ्यानं बघायचं सोडलं म्हणून तूही आरसा सोडलास होय?" बायका हसायच्या आणि पुन्हा तिच्याकडेच यायच्या, कारण हाताला तोड नव्हती.

म्हातारपणाचं कौतुक तिला मुळीच सोसायचं नाही. गुडघ्याचं रडगाणं गाणाऱ्या बायकांना ती उठवून लावायची. बागेत गोल उभं राहून हा हा हा करणाऱ्यांना तर तिनं कधीच खुळ्यात काढलं होतं. "हसू येत नसेल तर घरी बसा की गप. मारून मुटकून कसलं हसताय?"

आणि अशा बाईचे वरचे पुढचे दात गेले! दातांच्या डॉक्टरनं कवळी बसवून दिली आणि बजावलं, या कवळीनं काही ओढायचं नाही. "मी काय गाडीचा बैल आहे ओढायला?" असं त्याला फटकारून ती घरी आली खरी, पण मनातून पार हबकली. कारण तिचं सगळं कामच ओढण्याचं. दोऱ्याचं एक टोक पुढच्या दातांत धरायचं, बाकीचा दोरा बोटांत पिळायचा आणि मान मागं घेत केस उपटायचा, अशी तिची पद्धत. पार्लरमध्ये तिच्या हाताखाली काम करणारी सून दोऱ्याचं टोक गळ्यात अडकवायची. तसं करणं भुवईवालीला मेल्याहून मेल्यासारखं. "गुरासारखं दावं बांधून कसलं गं काम करता?" हे सगळ्यांदेखत बोलून बसलेली बाई आता कुठल्या तोंडानं गळ्यात दोरा घालणार?

म्हणून सबबी सुरू झाल्या. आज डोकं दुखतंय, आज केस कापायचे आहेत, आयब्रो सुनेकडून करून घे. सून काही दूधखुळी नव्हती. एके दिवशी साखरेत घोळून म्हणाली, "आई, एक तारखेपासून तुम्ही दाराजवळ बसत जा ना. फोन घ्यायचा, आल्यागेल्याशी दोन शब्द बोलायचे. मधली खुर्ची मी बघते. किती वर्षं उभ्यानं काढलीत, आता आराम करा."

"दाराजवळ बसायला कुत्रं पाळ," भुवईवाली म्हणाली. पण घरात तिचं बोलणं कुणी ऐकत नव्हतं. मुलगा मोबाइलमधून मान वर काढत नव्हता. या एका खुर्चीत बायका डोळे मिटून बसायच्या आणि तिचं मुकाट ऐकून घ्यायच्या. ती खुर्ची गेली की मग उरलंच काय, गोळ्या आणि गादी?

त्याच आठवड्यात मोठ्या बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. हल्ली मंडळामंडळांतून 'आनंदी वार्धक्य' या विषयावर भाषणं ठोकायच्या. वय स्वीकारा, सुरकुत्यांवर प्रेम करा, वगैरे वगैरे. आणि प्रत्येक भाषणाआधी इथे येऊन भुवया आणि वरचा ओठ करून घ्यायच्या! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. भुवईवालीला त्यांची किळस यायची, पण खुर्चीत बसल्या की त्याही मुठीत यायच्या, म्हणून त्या तिला हव्याही असायच्या.

"तुम्हीच करा हं. संध्याकाळी भाषण आहे," मोठ्या बाई खुर्चीत रेलून म्हणाल्या.

"मी करते ना," म्हणत सून पुढे झाली.

"हो बाजूला," भुवईवाली म्हणाली आणि इरेला पेटून तिनं दोरा कवळीत धरला. हलक्या हातानं एक भुवई निभावली. दुसरीतला एक पांढरा राठ केस काही केल्या निघेना. तिला चेव आला. तिनं मान मागं झटकली आणि कवळी दोऱ्यासकट सुटून मोठ्या बाईंच्या पावडर फासलेल्या गालावर पडली.

कुणी हसलं असतं तरी बरं झालं असतं! तिनं चार शिव्या हासडल्या असत्या आणि विषय मिटला असता. पण बाकावरच्या बायका हळहळल्या. "असू दे हो आजी, वय झालं की व्हायचंच," एक जण म्हणाली. मोठ्या बाईंनी गाल पुसला आणि भाषणातल्याच सुरात त्या म्हणाल्या, "त्यात लाजायचं काय? वय स्वीकारायला शिकावं माणसानं. सूनबाई, उरलेली भुवई तू कर."

सुनेनं तिचा दंड धरला. "चला आई, आत पडा जरा."

भुवईवालीनं आरशात बघितलं. लाल ओठांच्या मधोमध काळं भगदाड. हे तिनं सुनेलाच काय, स्वतःलाही धड बघू दिलं नव्हतं. तिला रडू फुटणार होतं. पण त्या वरमलेल्या चेहऱ्याचीच तिला शिसारी आली. या भगदाडापायी खुर्ची सोडायची?

तिनं सुनेचा हात झटकला. कवळी उचलून खिशात टाकली. नवा दोरा तोडला. "दाढा अजून माझ्याच आहेत," ती बोळक्या तोंडानं म्हणाली आणि टोक गालात पार आत सरकवून तिनं दाढांखाली दाबून बघितलं. तोंड एका बाजूला वाकडं झालं, गाल ओढला गेला. एवढं कुरूप तिला कुणी कधी बघितलं नव्हतं. दोरा पक्का बसला.

मोठ्या बाई उठायला लागल्या. तिनं खांदा दाबून त्यांना खाली बसवलं आणि दोरा तोंडातून काढून भर पार्लरला सुनावलं, "काय हसायचं ते आत्ताच हसून घ्या. दोरा लागला की हलायचं नाही." मग खाली वाकून म्हणाली, "आणि तुम्ही हो, वय स्वीकारणाऱ्या! पांढरा केस तसाच ठेवू, की उपटू?"

मोठ्या बाईंनी मुकाट्यानं डोळे मिटले.