उद्घाटनाआधी पेटलेली चूल

लातूर जिल्हा झाला तेव्हा नागप्पा काकांनी दुकानात पेढे वाटले. पुढं पाऊस हटला. या दोन गोष्टींचा संबंध नसावा, पण गौरम्मा काकू तो लावायच्या. "उस्मानाबादेत होतो तवा विहिरीत पाणी तरी होतं," म्हणायच्या.

काकू माझ्या चुलत सासूबाई. लग्न होऊन मी जळकोटाजवळच्या या गावात आले, तेव्हा भाकरी थापायला त्यांनीच शिकवलं. घर माळवदाचं. धूर जायला वर एक सवणं होतं, तेही मांजर उतरतं म्हणून काकांनी निम्मं झाकलेलं. बाभळी तोडून संपल्या होत्या; चुलीत तुराट्या, पऱ्हाट्या, मिळेल तो पालापाचोळा जायचा. काकू दोन भाकरी करायच्या आणि उंबऱ्यावर येऊन खोकत बसायच्या. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. उदगीरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "धुरापासून लांब राहा."

"राहते की," काकू म्हणाल्या. "भाकरी थापायला तुम्ही येता का यांना बसवू?"

डॉक्टरांनी खोकल्याचं औषध लिहून दिलं.

मग गावात निर्धूर चुलीची योजना आली. ग्रामसेवक लिंबाजी भाऊसाहेबांनी महादेवाच्या देवळापुढं बाया जमवल्या. म्हणाले, "तुम्ही चुलीत झाडं घालता. झाडं गेली म्हणून ढग थांबत न्हाईत. वरून तुमच्या छात्या खराब होतात ते येगळंच."

काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "म्हंजे दुष्काळ आम्ही पाडला म्हणा की भाऊसाहेब. उद्यापासनं सैपाक बंद ठेवतो. पडतो का पाऊस बघू."

भाऊसाहेबांना तेवढ्यात दुसरं काम आठवलं.

गावात चार घरी चुली बसवायच्या ठरल्या. पहिली काकांकडं, कारण भाऊसाहेबांचा चहा काकांच्या दुकानात व्हायचा. टँकरच्या पाण्याच्या दोन घागरी चिखलात गेल्या. काकूंनी पूजेपुरता तांब्या तेवढा बाजूला काढला. चूल मात्र छान झाली. एका जाळावर दोन भांडी, आणि मागून एक पाइप माळवदातून थेट वर. जळण निम्मं लागतं म्हणाले. काकूंनी चुलीला विभूती लावली, हात जोडले आणि काडीपेटी घेतली.

"थांबा काकू," भाऊसाहेब म्हणाले. "पेटवायची न्हाई. लातूरहून मोठे साहेब येणार हायेत उद्घाटनाला. चूल काळी झाली तर फोटोत काय दिसंल?"

काकांना हे पटलं. फोटोत तेही येणार होते. त्यांनी चुलीला चुना दिला आणि कबुतरं घाण करतील म्हणून पाइपाच्या तोंडावर पोत्याची टोपी बांधली.

साहेब येईनात. एकदा जीप बंद पडली, एकदा वरचे पाहुणे आले, एकदा दुष्काळाचीच बैठक निघाली. प्रत्येक वेळी काका इस्त्रीचं धोतर नेसायचे, चुलीला नवा चुना बसायचा, आणि काकू शेजारच्या जुन्या चुलीपुढं बसून नवीकडं बघत खोकायच्या. आयाबाया चूल बघायला यायच्या, जाताना हळदीकुंकू वाहून जायच्या. देव्हाऱ्यात काय ते ठेवायची बाकी होती.

काकूंना आडवं होऊन झोप येईना. भिंतीला टेकून बसायच्या. एकदा भाकरी तव्यावर ठेवून त्या तशाच बाजूला कलंडल्या. मी पाणी पाजलं, वारा घातला. डोळे उघडून म्हणाल्या, "सूनबाई, साहेब यायच्या आधी मीच जाते बहुतेक."

काका दारात उभे होते. त्या दिवशी त्यांनी चुना दिला नाही.

श्रावणातल्या सोमवारी आमच्याकडं विरूपाक्ष स्वामी जेवायला येतात. ते आमचे जंगम, म्हणजे आम्हा लिंगायतांचे गुरू. नव्या चुलीवरचं पहिलं अन्न जंगमाच्या ताटात पडल्याशिवाय आमच्यात घरचं कुणी ते खात नाही. स्वामी पाटावर बसले आणि चुलीकडं बघून म्हणाले, "नवी दिसती. पहिला घास कुणाचा झाला?"

"साहेबांचा," काका म्हणाले. "म्हंजे साहेब यायचे हायेत, मग..."

"साहेब जंगम हायेत का?"

काका पायाच्या अंगठ्याकडं बघू लागले. काकूंनी काही न विचारता नव्या चुलीत तुराट्या सारल्या आणि काडी ओढली. जाळ धरला, आणि धूर सगळीकडून आत. निर्धूर चुलीनं घर जुनीपेक्षा जास्त भरलं. काकूंना बोलताही येईना. वर बोट दाखवून त्या कशाबशा म्हणाल्या, "तिची टोपी काढा. स्वामी धुरात बसलेत."

काका धोतर खोचून माळवदावर चढले. वरून पोतं खाली पडलं, आणि धूर मुकाट्यानं पाइपात शिरला. काकूंनी एका बाजूला गव्हाची गोड हुग्गी शिजवली, दुसरीकडं वरण. सवयीनं पदर डोळ्याला लावला. कोरडाच निघाला. त्या तो बघत राहिल्या.

त्याच आठवड्यात साहेब आले. भाऊसाहेब आधी धावत येऊन पाइपाला नायलॉनची लाल फीत बांधू लागले. काकूंचा भात शिजत होता.

"तिथं नका बांधू भाऊसाहेब."

"काकू, तुमाला यातलं कळत न्हाई."

साहेब कात्री घेऊन वाकले, तर फीत वितळून तापल्या पाइपावर काळा ओघळ झालेला.

"फीत कुठं आहे?" साहेबांनी विचारलं. भाऊसाहेब काकांकडं बघू लागले, काका माळवदाकडं.

"साहेब, उद्घाटन सोमवारीच झालं," काकू म्हणाल्या. "स्वामींनी हुग्गी खाल्ली. आज तुमच्यासाठी बी केली हाय. बसा."

साहेब चुलीशेजारीच बसले. रुमाल हातात तयार ठेवला होता, तो लागला नाही. फोटो निघाला तो हातात वाटी धरलेल्या साहेबांचा. मागं चूल, काळीकुट्ट.

पुढच्या सोमवारी विरूपाक्ष स्वामींना आणखी दोन घरची बोलावणी आली. संध्याकाळी ते पोटावर हात ठेवून घरी गेले. चौथी चूल बिलकीसची. तिनं शिऱ्यावर फातेहा देऊन पेटवली.

काकूंची छाती काही नवी झाली नाही. थंडीत शिट्टी वाजायचीच. पण भाकरीची दुरडी त्या एका बैठकीत भरायच्या, आणि उंबऱ्यावर यायच्या त्या सगळं आटपल्यावर, सुपारी कातरायला.