तीर्थाची बाटली

हे लिहावं की नाही, यात सहा महिने गेले. अनुभव कृपेचा आहे, पण त्यात मी जसा वागलो ते सांगायला जीभ रेटत नाही. मोठ्या आतड्याचा कॅन्सर केमोला दाद देईना, तेव्हा नागपुरातल्या आमच्या डॉक्टरांनी अजून प्रयोगात असलेला एक उपचार सुचवला. माझ्याच रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत मलाच द्यायच्या. त्याआधी दवाखान्यात दाखल करून औषधाने माझी प्रतिकारशक्ती पार उतरवली होती. उकळलेल्या पाण्याशिवाय थेंबही तोंडात घालायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. पण देवीचं तीर्थ घेतल्याशिवाय दिवस सुरू करायचा नाही, हा माझा चाळीस वर्षांचा नेम. बायको नको म्हणत असताना लकडगंजच्या पुतण्याकडून मी देवळातली बाटली मागवली आणि उशीखाली ठेवली. तीर्थ कधी कुणाला बाधलंय का, हा माझा तोरा.

वॉर्ड पुसणाऱ्या मावशींना ती दिसली. हे इथं चालत नाही म्हणून त्यांनी उचलली, तर मी हिसकावून घेतली. तीर्थ बाटवलं म्हणालो. वर सिस्टरकडे तक्रार केली की ही बाई माझ्या सामानात हात घालते. कोणतं सामान, ते सांगितलं नाही. सगळ्यांदेखत मावशींना बोलणी बसली आणि मी समाधानाने तीर्थ घेतलं.

तिसऱ्या दिवशी थंडी वाजू लागली. लगेच पुढच्या दिवशी पेशी मिळायच्या होत्या. ताप कळला तर त्या हुकतील, म्हणून बायकोच्या पर्समधली गोळी गुपचूप गिळली आणि पांघरूण ओढून देवीचा धावा करत पडलो. दुपारी गोळीचा जोर ओसरला. पलंगाखाली पुसणाऱ्या मावशींनी माझ्या पायाला हात लावून पाहिला.

"तुमचं आंग तापून राहिलं, काका. सिस्टरले सांगाच लागते."

"नका सांगू. माझ्या पेशी जातील."

"जीव गेल्यावर पेशी कोणाले देतीन?"

त्यांनी सिस्टरला सांगितलंच. तपासणीत कळलं, रक्तात जंतू शिरले होते. तशात पेशी सोडल्या असत्या तर वाचणं कठीण होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. गोठवून ठेवलेल्या पेशी थांबल्या आणि बारा दिवसांनी मिळाल्या. गाठी थोड्या आटल्या आहेत. पुढचं कुणालाच माहीत नाही.

घरी निघताना सिस्टरला सगळं खरं सांगितलं. मावशींपुढे हात जोडले आणि म्हणालो, तुमच्या रूपाने देवीच आली.

"देवी कायची, काका. तुमच्यापायी बोलणी खाल्ली तवा मले लय लागलं होतं. तरी सांगितलं."

त्यांचं ते सांगणं माझ्या कुठल्याही नेमाने कमावलेलं नव्हतं. आता देवीपुढे बसतो तेव्हा काही मागत नाही. मान वर करायचीही लाज वाटते. पण ती बसू देते.