भांडायला जागा

लग्नाला सात वर्षं झाली तरी आम्ही नवराबायको एकदाही भांडलो नव्हतो. हे सांगितलं की शेजारच्या बायका म्हणायच्या, "नशीबवान आहेस गं!" नशीब कसलं डोंबलाचं! भांडायला जागाच नव्हती.

घाटकोपरला आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सासूसासरे, दोन दीर, नणंद आणि आजीला चिकटून झोपणारी आमची लेक. आतल्या स्वयंपाकघरात, ओटा पुसून झाला की, आमची गादी. मध्ये दार नव्हतं, पडदा होता. पडद्यापलीकडे कुणी कूस बदलली तरी कळायचं, म्हणजे आमचंही तिकडे कळत असणारच. त्यामुळे आमचा सगळा संसार कुजबुजीत चालायचा. दूध संपलंय. शर्टाचं बटण लावलंय. उद्या छत्री न्या. एवढं सगळं कुजबुजत बोलता येतं. राग मात्र कुजबुजत काढता येत नाही. मी करून पाहिलं आहे. एक तर हसू येतं नाहीतर रडू.

घरात मोठ्याने बोललं जायचं ते फक्त सासऱ्यांशी. आयुष्यभर गिरणीत मागावर उभे राहून त्यांचे कान गेले होते. "चाय घ्या!" "गोळी घेतलीत?" असं सासूबाई ओरडायच्या आणि ते मान हलवायचे. आमची सासू मालवणची, अंगाने बारीक, आवाजाने खणखणीत. तिच्यापुढे घरात कुणाचं चालत नसे.

मला हवं होतं बोरिवलीचं घर. ह्यांच्या ऑफिसातली माणसं मिळून तिथे सोसायटी बांधत होती. तिथेही खोल्या दोनच, पण मध्ये भिंत आणि भिंतीला दार. आमचं नाव नुसतं घालून ठेवलं होतं, पक्कं हो की नाही ते सांगायचं राहिलं होतं. रोज गादी घालताना मी कुजबुजायचे, "बोरिवलीचं काय?" हे कुजबुजायचे, "बघू." वर्षभर हे 'बघू' ऐकून माझ्या डोक्यात तिडीक जायची. पण करणार काय? पडद्याकडे बघायचं आणि उशीत तोंड खुपसायचं.

अशात ह्यांच्या कंपनीने नवं मशीन घेतलं आणि ते शिकायला ह्यांना दीड महिना सिंगापूरला पाठवायचं ठरलं. राहायची सोय हॉटेलात, पण खोलीतच स्वयंपाकघर असलेल्या. साहेब म्हणाले, बायकोला न्यायचं तर न्या, तिकीट तेवढं तुमचं. घरी सगळ्यांनी मला उडवून लावलं. धाकटा दीर म्हणाला, "वहिनी तिथे जाऊन काय मशीन चालवणार काय?" तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिका घेवन जा. तुझ्या जेवणाचे हाल होतले." आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातातली पाटली काढून ह्यांच्या पुढ्यात ठेवली. जेवणाच्या हालासाठी कुणी पाटली मोडतं का, असा प्रश्न तेव्हा घरात कुणालाच पडला नाही. मलाही नाही. मी आपली कोकमं आणि कुळथाचं पीठ बांधण्यात गुंतले होते.

सहारच्या विमानतळावर सगळं घर पोचवायला आलं. लेक आजीच्या कडेवरून हात हलवत होती, आणि मी रडत रडत विमानात बसले.

हॉटेल काही भारी नव्हतं. खाली अरुंद दार, टेबलामागे हसरी मुलगी, एक करकरणारी लिफ्ट. पण वर आमचं बिऱ्हाड बघून मी बघतच राहिले. बसायची खोली, झोपायची खोली, विजेच्या शेगडीचं स्वयंपाकघर. आणि प्रत्येकाला दार! पहिल्या संध्याकाळी मी सगळी दारं एकदा लावून आणि एकदा उघडून पाहिली. हे सोफ्यावर बसून माझ्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "पाणी आहे का गं?" मी तितक्याच हळू म्हटलं, "फ्रिजमध्ये."

आम्ही कुजबुजत होतो हे आमच्या लक्षातच आलं नाही. ते लक्षात आणून दिलं खोली साफ करायला येणाऱ्या चिनी बाईने. ती माझ्याच वयाची होती. मी चादर नीट घालून ठेवायचे आणि ती येऊन तीच चादर काढून पुन्हा घालायची. माझ्या चादरीत काय वाईट होतं कोण जाणे! पण एके दिवशी तिने आमचं बोलणं ऐकलं, हातातलं केर ओढायचं मशीन चटकन बंद केलं, झोपायच्या खोलीकडे बोट दाखवलं आणि गालाखाली हात धरून, डोळे मिटून मला खुणेने विचारलं. आत कुणी झोपलंय का? मी मान हलवून नाही म्हटलं. तिला काही उमगेना. ती गेल्यावर मी त्या मोकळ्या खोलीत उभी राहिले आणि मला माझीच कीव आली.

रविवारी दुपारी मी कोलंबीचं कालवण केलं होतं. हे पेपर वाचत होते. भात वाढता वाढता मी नेहमीसारखं विचारलं, "बोरिवलीचं काय ठरवलंत?"

"बघू," हे पेपरातून म्हणाले.

"काय बघू?"

माझा आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकले. सवयीने मागे वळून पाहिलं. पडदा नव्हता, दार होतं आणि दारापलीकडे कुणीही नव्हतं. मग मात्र माझी जीभ सुटली ती सुटलीच.

"वर्षभर काय बघताय? माझे केस पांढरे व्हायची वाट बघताय?"

"अगं, हळू बोल ना!"

"का हळू? इथे कोण आहे?"

त्यांनीही इकडेतिकडे पाहिलं. मग पेपर आपटला. "मला काय माहीत तुला एवढं हवंय ते? इतकी वर्षं हसतमुखाने वावरतेस. मला वाटलं, रमलीयस. सांगायचंस ना मग!"

"कुठे सांगायचं? मोरीत? सांगायला जागा दिलीत कधी?"

"आईला काय सांगू? मोठा मुलगा मी. वडिलांना ऐकू येत नाही, बहिणीचं लग्न व्हायचंय, आणि मी बिऱ्हाड उचलून बोरिवलीला चालता होऊ? काय वाटेल तिला?"

"आणि मला काय वाटतं ते?"

एवढं बोलून मी रडायला लागले, तेही मोठ्याने, गळा काढून. सात वर्षांत असं रडले नव्हते. हेही ओरडत होते. त्यांना ओरडता येतं हे मला ठाऊकच नव्हतं! मजा म्हणजे एवढ्या रागातसुद्धा मी 'अहो, तुम्ही' सोडलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. खालच्या मुलीचा. शेजारच्या खोलीतून कुणीतरी कळवलं होतं, तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना म्हणून. ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. रिसीव्हर तोंडाशी धरून ते कुजबुजले, "यस, यस. सॉरी." ती कुजबूज ऐकून मला असं हसू फुटलं की बस. फोन ठेवून हेही हसायला लागले. कालवण गार झालं होतं, तसंच खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये शेजारची गोरी म्हातारी भेटली. ह्यांच्याकडे संशयाने बघत तिने मला विचारलं, "ऑल राइट, डियर?" माझं इंग्रजी बेताचं. मी म्हटलं, "वी आर टॉकिंग." तिने आम्हा दोघांना नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "गुड."

उरलेल्या दिवसांत आम्ही आणखी भांडलो, आणि भांडणाच्या मधल्या वेळात बोललो. दहावीचा अभ्यास ह्यांनी जिन्यात बसून केला होता, हे मला तिथे कळलं. मला एकटीला बसून गाणी ऐकायला आवडतात, हे त्यांना तिथे कळलं. आपल्याच नवऱ्याशी ओळख करून घ्यायला समुद्र ओलांडावा लागला, याचं हसू येतं आणि वाईटही वाटतं. शेवटी बोरिवलीला हो म्हणायचं ठरलं. फक्त आईला सांगायचं कुणी? ह्यांची छाती होईना. म्हटलं, मी सांगते.

घरी परतल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे कामाला गेलेले, लेक शाळेत. सासरे बाहेर खुर्चीत. आत सासूबाई कोलंबी सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि, एवढी सोलून झाली की सांगते, असं मनाशी म्हणत एकेक कोलंबी सोलत राहिले.

त्यांनीच विचारलं, "काय गो, थय भांडलात की नाय?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. "भांडलो," म्हटलं.

"मोठ्यान?"

"मोठ्याने. हॉटेलवाल्यांचा फोन आला."

त्या अंग हलवून हलवून हसल्या. "बरां झालां. तेच्यासाठीच धाडलंय तुका. जेवणाचा काय, तो थय पाव खावनसुद्धा रवलो असतो." मग कोलंबीकडे बघत म्हणाल्या, "बोरिवलीक जावा. रात्री तुमची कुजबूज माका ऐकाक येता गो. एक वरीस ऐकतंय."

मला भडभडून आलं. पाया पडावं की मिठी मारावी कळेना, हात कोलंबीने बरबटलेले.

"माझ्या लग्नाक चाळीस वर्सां झाली," त्या म्हणाल्या. "पयली जागा नाय होती. सासू, दीर, जावा, मगे पोरां. म्हटलां, पोरां मोठी झाली काय बोलूया. आता दुपारी घर रिकामा असता, तर तेंका ऐकाक येना नाय. ता काय वरडान सांगूचा असता?"

"काय सांगायचं होतं, आई?"

बाहेरून सासऱ्यांनी चहा मागितला. सासूबाईंनी हात धुतले, चहा गाळला, कप घेऊन बाहेर गेल्या. पडद्याच्या फटीतून मला दिसलं. कप खुर्चीशेजारी ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि मान खाली घालून, अगदी हळू, काहीतरी बोलू लागल्या. बराच वेळ बोलत होत्या. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. सासऱ्यांना त्यांचे ओठ हलताना दिसले, तसा त्यांनी कानामागे हात नेला.

"काय?"

"चाय घ्या म्हटलंय!" सासूबाई ओरडल्या, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "चाय!"