सलमाबादच्या गॅरेजातला खड्डा

बर्नार्ड डाबरे रागावलेले मी सहा वर्षांत एकदाच पाहिले, आणि त्या रागामुळे एक माणूस जगला.

सलमाबादला बस दुरुस्तीच्या एका गॅरेजात ते फोरमन होते आणि मी ऑफिस सांभाळत होते. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला ‘बाय’ म्हणायचे. वसईकडे लेकीबाळींना म्हणतात तसं. ते गास गावचे. वय छप्पन्न, त्यातली सत्तावीस वर्षं बहरीनमध्ये गेलेली. आवाज इतका हळू की मशीन चालू असताना ते काय सांगतात ते ओठांवरून ओळखावं लागे. गिऱ्हाईक कितीही तडकलं तरी मान खाली घालून “येस सर” म्हणायचे.

एका गोष्टीवर मात्र त्यांचा हट्ट होता. बसच्या पोटाखाली उभं राहून काम करता यावं म्हणून गॅरेजात जमिनीत खणलेला एक सिमेंटचा खड्डा होता. पुरुषभर खोल, लांबट, उतरायला एका टोकाला पायऱ्या. पूर्वी तिथे तेलावरून घसरून एकाचं कंबरडं मोडलं होतं. तेव्हापासून काका रोज संध्याकाळी स्वतः तो खड्डा पुसून काढत. ताहिर, आमचा सियालकोटचा मेकॅनिक, त्यांना हसायचा.

एप्रिलमधला शुक्रवार होता. गॅरेजला सुट्टी, पण फहादची बस संध्याकाळी हवी होती म्हणून आम्ही तिघं आलो होतो. फहाद बहरीनी, शाळेच्या मुलांची ने-आण करणारा, तिशीतला तापट माणूस. तो बाहेर आपल्या पिकअपमध्ये बसून दर पाच मिनिटांनी हॉर्न मारत होता.

साडेतीनला आभाळ शेवाळासारखं हिरवट झालं. मग गारा आल्या. पत्र्यावर इतका आवाज की मी कान दाबून टेबलापाशी उभी राहिले. काका शटरपाशी गेले आणि तिथेच थांबले. मागे जाऊन त्यांच्या खांद्यावरून मी पाहिलं. पलीकडच्या गल्लीतल्या गोदामाचे पत्रे वर जात होते. वाऱ्याने उडतात तसे आडवे नाही, तर गोल फिरत, वर वर. त्यांच्यात एक लाकडी पॅलेट होतं, पाण्याची टाकी होती, आणि सगळं आमच्या दिशेने सरकत होतं.

“खड्ड्यात उतरा,” काका म्हणाले. मग ओरडले, “ताहिर, मेधा को लेके नीचे. जल्दी, यल्ला!”

ताहिरने माझा दंड धरला. आम्ही पायऱ्या उतरत होतो तेव्हा काका उलट दिशेला, बाहेर धावले.

पुढचं मी पायरीवरून पाहिलं. काकांनी पिकअपचं दार उघडलं. फहाद स्टिअरिंग धरून बसला होता, “मफी, मफी”, म्हणजे नाही, नाही, करत मान हलवत होता. गाडी सोडून जायला तयार नव्हता. काकांनी त्याच्या थोबाडीत मारली. एकदा, मग दुसऱ्यांदा, जोरात. त्याच्या पायघोळ झग्याची, थोबची, कॉलर धरून त्याला खाली ओढला आणि फरफटत आत आणला. खड्ड्यापाशी पोचता पोचता शटर फाटलं. त्याची एक पट्टी सुरीसारखी आली. काकांनी फहादला आमच्या अंगावर ढकललं आणि मागोमाग स्वतः कोसळले. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं लोंबत होती.

मग छप्पर गेलं.

तो आवाज मला अजून सांगता येत नाही. कानांत दडे बसले, दात आपोआप वाजायला लागले. डोक्यावर, खड्ड्यावर उभी असलेली फहादची बस गदागदा हलली, करकरली आणि पुढून खाली आली. तिचं पुढचं चाक पायऱ्यांवर आदळलं आणि वर जायची वाट बंद झाली. ताहिरचं कपाळ फुटलं. मागच्या टोकाला गॅरेजची भिंत धडधडत पडली आणि उजेड बंद झाला. फहाद मोठ्याने प्रार्थना करत होता. काका माझ्या डोक्यावर वाकून उभे होते. त्यांचं रक्त माझ्या मानेवरून आत ओघळत होतं, कोमट.

हे सगळं दोन मिनिटंसुद्धा चाललं नसेल. वारा गेला, पण पाऊस राहिला. गल्लीतलं सगळं पाणी खड्ड्यात यायला लागलं, गारांचं, बर्फासारखं, वर डिझेलचा तवंग. घोट्यापर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं. ताहिरने बसला खांदा लावला, मग वेड्यासारखा तिला लाथा मारायला लागला.

“ताहिर, खलास, रुक जा,” काका म्हणाले. आवाज पुन्हा पूर्वीसारखा हळू झाला होता. “बस नहीं हिलेगी. उधर देख, पीछे. ब्लॉक गिरे हैं. एक-एक निकाल और नीचे डाल. उसी पे खड़ा रह.”

पाणी कमरेला लागलं होतं. ताहिर आणि फहाद भिंतीचे ब्लॉक उपसून पायाखाली टाकायला लागले. पाणी चढत होतं, तशी पायाखालची रासही. नखं तुटली, हातांची सालटं निघाली. फहाद रडत होता आणि उपसत होता. काका माझ्या ओढणीने मनगट आवळून उभे होते, कुठला ब्लॉक आधी काढायचा ते सांगत होते. एक चुकीचा निघाला तेव्हा वरून विटकुरांचा लोंढा आला आणि फहाद पाण्याखाली गेला. काकांनी उजव्या हाताने त्याला केसांना धरून वर काढला.

पाणी छातीशी आलं तेव्हा भगदाड पडलं. मी सगळ्यांत बारीक. “जा बाय,” काका म्हणाले. मी सरपटत बाहेर आले. वर छप्पर नव्हतं, भिंती नव्हत्या. शेजारच्या आवारातले लोक माझी किंकाळी ऐकून धावले. त्यांनी बाहेरून ढिगारा उपसला. काका शेवटी निघाले, आणि निघाल्यावर बेशुद्ध पडले.

फहादची पिकअप दोन प्लॉट पलीकडे सापडली. तिचा टप चेपून सीटला चिकटला होता.

काकांची दोन बोटं गेली. चौथ्या दिवशी फहादची आई सुहा हॉस्पिटलात आली. काका पलंगावर उठून बसले, ओशाळून तिची माफी मागायला लागले, तिच्या मुलावर हात उचलला म्हणून. त्यांच्या बायकोने, डॉलीकाकूंनी, मोडक्या अरबीत अर्थ सांगितला. सुहाने त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली.

ताहिर महिन्याभरात सियालकोटला गेला. पत्र्याखाली त्याला झोप येईना. आमचं गॅरेज पुन्हा उभं राहिलं नाही. काका आता दुसऱ्या गल्लीतल्या एका गॅरेजात काम करतात. डाव्या हातात पाना नीट धरता येत नाही, म्हणून उजव्याने करतात आणि वेळ जास्त घेतात.

मध्यंतरी मी त्यांना विचारलं, तेव्हा भीती वाटली नाही का?

“तेव्हा कामात होतो,” ते म्हणाले. “आता वाटते. कपडे वाळत घालताना चादर फडफडली तरी वाटते.”

मग त्यांनी मला चहा पाजला आणि नव्या मालकाच्या एका बसचा गिअरबॉक्स किती वाईट आहे ते सांगत बसले.