नऊ नंबरची हवा

किनाऱ्यावरच्या वायरलेस स्टेशनात तिला सगळे पुन्हाबाई म्हणत. नाव तिनं स्वतःच कमावलं होतं. सव्वीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसली. समोर कॅप्टन असो की खलाशी, शब्द धड ऐकू आला नाही की हिचं सुरू, "पुन्हा सांगा." एकदा एका कॅप्टननं वैतागून विचारलं, "बाई, घरीही असंच करता का?" ही म्हणाली, "घरी माझंच कुणी ऐकत नाही. तुम्ही पुन्हा सांगा!" पण तिनं उतरवून घेतलेल्या निरोपात काना-मात्रेची चूक कधी कुणाला सापडली नाही.

आणि घरी ऐकायला होतं तरी कोण? मुलगी लग्न होऊन गेलेली. नवरा तीन वर्षं दूरच्या एका बेटावर, हवामान खात्याच्या ठाण्यात वारा मोजत बसलेला. बोट महिन्यातून एकदा. दोन खोल्यांच्या घरात ही सवयीनं दोन कप चहा टाकायची आणि मग स्वतःवरच चिडून दोन्ही कप प्यायची. आठवडाभराची आस रविवारी दुपारी तीनची. तेव्हा बेटावरच्या माणसांना घरच्यांसाठी दहा मिनिटं मिळत. बोलायला नाही, मशीनवर टाइप करायला.

आता हे दहा मिनिटांचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण घोळ तिथंच झाला. हवेतल्या खरखरीनं वाटेत अक्षरं गळतात. म्हणून मशीन मजकुराबरोबर थोडी राखीव अक्षरं धाडतं. काही गळली तरी पलीकडचं मशीन राखीवांवरून ती भरून काढतं. फारच गळली तर नाइलाज, कागदावर नुसते ठिपके उमटतात. राखीव किती घालायची, ते हवेवर ठरतं. पलीकडचं मशीन खरखर मोजून एक ते नऊ असा आकडा कळवतं. नऊ म्हणजे हवा स्वच्छ. राखीव थोडी, दहा मिनिटांत दोन पानं जातात. एक म्हणजे हवा खराब. सगळा वेळ राखीवच खातात आणि जेमतेम चार-पाच ओळी जातात.

गेले चार महिने बेटावरून दर रविवारी नऊ येत होता. बाई खूश! खालच्या शिंप्याचं त्याच्या बायकोशी झालेलं भांडण, मुलीची नवी नोकरी, नळाची गळती, काय वाट्टेल ते लिहायची. उशीला डोकं टेकलं की तुमची फार आठवण येते, हेही लिहायची. या वयात!

अशात बेटावर वायरलेस ऑपरेटरची एक जागा निघाली. नेमणूक तीन वर्षांची, अर्ज बुधवारपर्यंत. तिनं फॉर्म भरून पर्समध्ये ठेवला आणि रविवारी दोन पानांच्या मध्यावर, जरा लाजतच, लिहिलं, "मी तिकडे येऊ का? तुम्ही हो म्हणालात तरच अर्ज देईन."

उत्तर आलं, "सगळं पोचलं. पत्र छान. मी मजेत. तब्येतीला जप."

बस्स. येण्याबद्दल चकार शब्द नाही. जगाला "पुन्हा सांगा" म्हणणारी ही बाई त्या दिवशी गप्प बसली. कॅप्टनला दहादा विचारता येतं हो. नवऱ्याला कसं विचारायचं, की मी नकोशी झाले का? तीन दिवस तिला जेवण गेलं नाही. बुधवारी संध्याकाळी तिनं फॉर्म फाडून केराच्या टोपलीत टाकला. शनिवारच्या बोटीनं शेजारच्या टेबलावरचे, जेवल्यावर हमखास घोरणारे ऑपरेटर त्या जागेवर रवानाही झाले.

पुढच्या रविवारी आभाळ भरून आलं होतं. हेडफोनमध्ये लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट. एरवी पत्राच्या घाईत ती आपल्या मशीनचा आकडा बघायचीही नाही, आज पाहिला. तिच्या मशीननं हवा मोजली होती, दोन. बेटानं कळवलं, नऊ.

ती बघतच राहिली. हवा तीच, वाट तीच. इकडे दोन आणि तिकडे नऊ? असला नऊ तिनं सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. चाचणीसाठी आकडा हातानंही लावता येतो, तशी कळ असते.

"अगं बाई! यांनी हातानं लावलाय!" ती मोठ्यानं म्हणाली.

तिनं आपल्याकडची कळ खाली एकवर ओढली. आता बेट काहीही म्हणो, राखीव पुरेपूर जाणार होती. तिनं एवढंच टाइप केलं, "मी तिकडे येऊ का?"

उत्तराला दोन मिनिटं लागली. "ये! आधी का नाही विचारलंस?"

"विचारलं होतं. गेल्या रविवारी. नऊ का लावता?"

"नऊ लावला की तुझी पानं येतात. अर्धे ठिपके असतात. उरलेलं आठवडाभर वाचतो."

कर्म माझं! तिला हसू आलं, रडू आलं, आणि हाताशी असता तर त्याच्या पाठीत एक धपाटाही घातला असता. चार महिने अर्ध्या पत्रांवर दिवस काढत होता हा माणूस, आणि वर "सगळं पोचलं"! त्याला आपण नकोशा झालो, असं आपल्या मनात आलंच कसं, याची तिला भारी लाज वाटली.

तेवढ्यात आणखी एक ओळ उमटली. "कधी निघतेस?"

दोन मिनिटं उरली होती. एक ओळ जेमतेम जाईल. कळ वर नेली असती तर समजूत घालायला चार वाक्यं मिळाली असती, पण ती पोचण्याचा भरवसा नव्हता. कळ तिनं एकवरच ठेवली आणि टाइप केलं, "जागा गेली. तुम्हाला मी नको असं समजून अर्ज फाडला."