मुकी जनावरं आणि आगाऊ तयारी

चार घरांत जनावरं पाळलेली असली की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही, तेच दाराशी येऊन बसतात. मुलुंडच्या आमच्या बैठ्या चाळीत तर दर बिऱ्हाडामागे एक शेपूट! आमच्याकडे टिप्या नावाचा कुत्रा. तो समोर बसल्याशिवाय आमचा दोन वर्षांचा बाबू घास गिळत नाही. टिप्याला काही झालं तर पोराचं कसं व्हायचं, या धास्तीनं मी सगळी तयारी आधीच करून ठेवते. चाळ हसते. हसू दे! घाबरट बाईच्याच घरात ऐन वेळी वस्तू सापडते.

*

माझं बघून शेजारच्या परबकाकूंनाही तयारीचं वारं लागलं. त्या मालवणच्या. त्यांनी पोपटाला शिकवलं, "आग लागली! पाणी आणा!" घरात कुणी नसताना पेटलंच तर तेवढाच उपयोग.

एका दुपारी पोपट असा काही ओरडला की समोरच्या बिऱ्हाडकरूनं भरलेली बादली खिडकीतून आत रिकामी केली. आत परबकाका झोपलेले!

काकू कडाडल्या, "पोपटाक अक्कल नाय, पन तुमका तरी आसा मां?"

पोपट म्हणाला, "पाणी आणा!"

*

मागच्या डोंगरातून बिबट्या उतरल्याची आवई उठली. पलीकडच्या नलूनं त्याच संध्याकाळी शेळी खोलीत बांधली. आत जागा उरली नाही, म्हणून नवऱ्याचं अंथरूण ओट्यावर!

मी म्हटलं, "अगं नलू, शेळी आत आणि नवरा बाहेर?"

"मग? शेळी दूध देते!"

*

सासूबाईंच्या मनी मांजरीसाठी मी झाकणाची करंडी कोपऱ्यात तयार ठेवली होती. आग लागली तर मनीला आत घालायचं, की चाललो. रविवारी म्हटलं, रंगीत तालीम करू. "समजा आग लागली!" असं मी ओरडले मात्र, आमचे हे करंडी छातीशी धरून अंगणात धावले.

झाकण उघडलं तर आत कांदे! मनी केव्हाची अंगणात ऊन खात आमची गंमत बघत होती.

सासूबाई म्हणाल्या, "ती कुणासाठी थांबत नाही बाई. तुझ्या तयारीसाठी तर नाहीच!"

हे म्हणाले, "पण कांदे वाचले ना?"

*

जनावरांचा डॉक्टर आमच्याकडे कुठला! म्हणून टिप्याचं दुखणं माणसांच्याच डॉक्टरांना विचारायला गेले. दवाखान्यात ही गर्दी! कुत्र्याचं नाव काढायची लाज वाटली.

"डॉक्टर, आमचा छोटा काही खात नाही. दिसेल ते चावत सुटतो."

"दात येत असतील." डॉक्टर मान वर न करता औषध लिहीत होते.

"आणि सारखा शेपटी आत घालून बसतो हो!"

"वडिलांवर गेला असेल."

*

आणि एके सकाळी कुत्रे धरायची गाडी चाळीसमोर उभी राहिली. टिप्याच्या गळ्यात फास पडला. बाबूनं रडून चाळ डोक्यावर घेतली. मी पळत गेले.

"भाऊ, तो आमचा आहे! पालिकेचा बिल्ला काढलाय त्याचा!"

"कुठाय बिल्ला?"

"ट्रंकेत. गळ्यात घातला तर पडून हरवेल ना, म्हणून कुलपात ठेवलाय!"

"मग उघडा ट्रंक."

किल्ली सासूबाईंच्या कनवटीला, आणि सासूबाई नणंदेकडे घाटकोपरला!

गाडीवाल्यानं टिप्याला गाडीकडे ओढलं. पण बाबूकडे बघून तो थांबला. फास सैल करून म्हणाला, "बरं, हाक मारा. आला तर तुमचा."

"टिप्या! ए टिप्या!"

टिप्या ढिम्म! पाय आखडून रस्त्यावरच बसला. परबकाकूंनी हाक मारली, नलूनं मारली. छे! गाडीवाला पुन्हा फास आवळायला लागला. आमचे हे तर सरकारी टोपी दिसली की मुकेच होतात. दारात खांबासारखे उभे!

मी मागे वळून किंचाळले, "अहो! बघत काय राहिलात? या ना इकडे!"

टिप्यानं कान टवकारले. फासातून मान सोडवून तो असा सुटला, की थेट माझ्या पायांवर लोळण! पाठोपाठ हेही येऊन उभे राहिले.

गाडीवाल्यानं एकदा टिप्याकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे.

"साहेब, मग तुम्हाला काय हाक मारतात?"

हे म्हणाले, "तीच."